अंतराच्या आधी ताकद

ट्रायथलॉनचं वेड नव्यानं लागलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो अंतराचा. आठवड्याला किती किलोमीटर पळू? सायकल किती चालवू? समुद्रात पोहायची सवय कधीपासून करू? प्रश्न रास्तच आहेत, कारण समोरची अंतरं छाती दडपवणारी असतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धा पहिल्यांदा झाली आणि पुणे, नाशिक, कोल्हापूर, मुंबईकडच्या हौशी मंडळींना घराजवळ एक ध्येय मिळालं. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचं, तेही किनारपट्टीच्या दमट उकाड्यात. हे आकडे एकदा डोक्यात बसले की तयारी म्हणजे दर आठवड्याला अंतर वाढवत नेणं, असंच वाटू लागतं.

पस्तिशी-चाळिशीत या खेळाकडे वळणाऱ्यासाठी ही समजूत मला धोक्याची वाटते. माझं म्हणणं असं, की त्यानं पहिले काही महिने वजनं उचलायला शिकावं आणि अंतराची घाई त्यानंतर करावी. ताकदीचा व्यायाम वेळ उरला तर करू, असं म्हणून चालणार नाही. नवशिक्याच्या वेळापत्रकात तो सगळ्यात आधी लिहायला हवा.

‘नवशिका’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर कोण आहे, ते सांगतो. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत खुर्चीत बसणारा संगणक अभियंता, दिवसभर ओपीडीत वाकून काम करणारी डॉक्टर, दुकानात उभा राहणारा व्यापारी, शाळेतली शिक्षिका. कॉलेजनंतर यांचा मैदानाशी संबंध तुटला. मग डॉक्टरांनी साखर किंवा कोलेस्टेरॉल दाखवलं, नाहीतर एखाद्या मित्राच्या गळ्यातलं पदक दिसलं, आणि चालणं, धावणं, सायकल असं करत ही माणसं इथवर आली. त्यांची जिद्द खरी आहे. पहाटे साडेचारला उठून तलावावर जाणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच वाटतो, आणि म्हणूनच त्याचा गुडघा सहा महिन्यांत बसलेला पाहिला की वाईट वाटतं.

हे का होतं? शरीराचे सगळे भाग एकाच वेगानं तयार होत नाहीत. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं आणि हृदयाचं काम सोपं होतं. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंच्या पेशींमध्ये ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढते. महिन्या-दीड महिन्यात माणसाला स्वतःचंच नवल वाटू लागतं, कारण जिन्यावर धाप लागत नाही आणि पाच किलोमीटर सहज होतात. पण स्नायूला हाडाशी जोडणारे स्नायुबंध आणि खुद्द हाडं यांचा हिशेब वेगळा आहे. हाडातली जुनी झीज काढून तिथं नवं हाड भरण्याचं एक आवर्तन पुरं व्हायला तीन-चार महिने लागतात. स्नायुबंधांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तेही सावकाश बदलतात. दम वाढलेला असतो, सांगाडा अजून जुनाच असतो. स्लॅब ओतल्यावर वरून कितीही घट्ट दिसला तरी गवंडी खालचे टेकू लगेच काढत नाही, ते याच कारणासाठी. नवशिक्याची सगळ्यात मोठी अडचण ही, की त्याला ‘आज जमतंय’ असं वाटतं आणि ते खरंही असतं. हृदय आणि फुप्फुसं होकार देतात. टाचेमागच्या शिरेला कुणी विचारलेलं नसतं.

आणि त्या शिरेवर किती भार पडतो पाहा. धावताना जमिनीवर पडणारं प्रत्येक पाऊल शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर परत पाठवतं. टाचेमागच्या शिरेवर, म्हणजे तिथल्या स्नायुबंधावर, येणारा ताण तर पाच-सहा पट असू शकतो. मिनिटाला १६० पावलं धरली आणि अर्ध मॅरेथॉनला अडीच तास लागले, तर एकूण २४,००० पावलं होतात. त्याआधी ९० किलोमीटरच्या सायकलीत मिनिटाला ८० फेऱ्यांच्या हिशेबानं साडेतीन तासांत पॅडल सोळा-सतरा हजार वेळा फिरलेलं असतं. पोहण्यात खांदा हजार-दीड हजार वेळा वर्तुळात फिरतो. हा खेळ म्हणजे थोड्या जोराची, पण न संपणारी पुनरावृत्ती. तिच्यात दुखापत सहसा पडण्या-धडपडण्यानं येत नाही. ती हळूहळू साचत जाते. गुडघ्याची वाटी, नडगी, मांडीच्या बाहेरची पट्टी, खांद्याचा सांधा अशा ठरलेल्या जागा एकामागून एक बोलू लागतात.

मग इतकी उघड गोष्ट नजरेआड का होते? मला वाटतं, याचं मूळ या खेळाच्या जन्मातच आहे. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन स्पर्धा झाली. पंधरा जण निघाले, बारा जणांनी पुरी केली. सर्वांत तंदुरुस्त खेळाडू कोण, धावपटू की पोहणारा, या वादातून ती निघाली. अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी त्या वादात सायकलपटू एडी मर्क्सचं नाव आणलं, कारण त्याच्या शरीराची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता अफाट असल्याचं त्यांनी वाचलं होतं. मग बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यतींची अंतरं जोडून एकच शर्यत ठरवली गेली. त्याच्या दहा वर्षं आधी, १९६८ मध्ये, केनेथ कूपर यांचं ‘एरोबिक्स’ हे पुस्तक आलं होतं आणि तंदुरुस्ती म्हणजे हृदय-फुप्फुसांची क्षमता, ही कल्पना अमेरिकेत घरोघरी पोचली होती. कॉलिन्स यांच्या वादात पहिलवानाला किंवा वजनं उचलणाऱ्याला जागाच नव्हती. माणूस किती ऑक्सिजन वापरू शकतो हेच त्याचं माप, असं गृहीत धरून हा खेळ जन्माला आला आणि ते गृहीत अजून सुटलेलं नाही.

त्यात हातावरचं घड्याळ आलं. घड्याळ अंतर मोजतं, वेग मोजतं, हृदयाचे ठोके मोजतं. संध्याकाळी गटाच्या व्हॉट्सअॅपवर आकडे येतात आणि कुणी ८० किलोमीटर सायकल केली की दहा जण अंगठा दाखवतात. पण आज मी पाठ सरळ ठेवून बारबेल नीट उचलायला शिकलो, याचा आलेख कुठे निघत नाही. जे मोजलं जात नाही ते हळूहळू कामाच्या यादीतून गळतं. यात कुणाची लबाडी नाही, पण परिणाम खरा आहे. माणूस आपला आठवडा किलोमीटरमध्ये पाहू लागतो, आणि ज्या पाऊण तासात एकही किलोमीटर झाला नाही, तो त्याला वाया गेल्यासारखा वाटतो.

या समजुतीला संशोधनानं धक्का दिलेला आहे. फिनलंडच्या लीना पावोलाइनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लांब अंतराच्या धावपटूंच्या एका गटाचा जवळजवळ एक तृतीयांश सराव काढून घेतला आणि त्याजागी नऊ आठवडे उड्या, छोट्या वेगवान धावा आणि झटक्यानं वजन ढकलण्याचे व्यायाम दिले. त्यांची पाच किलोमीटरची वेळ सुधारली. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता मात्र वाढली नव्हती. म्हणजे तेवढ्याच दमात ते जास्त वेगानं धावू लागले, कारण प्रत्येक पावलाला लागणारा खर्च कमी झाला होता. फ्रान्समध्ये ग्रेगवार मिये यांनी २००२ मध्ये थेट ट्रायथलॉनपटूंवरच चौदा आठवडे जड वजनांचा प्रयोग केला आणि तिथंही धावण्यातली काटकसर वाढलेली दिसली. नॉर्वेच्या बेंट रोनेस्टाड यांचा सायकलपटूंवरचा प्रयोग तर मला या खेळासाठी सगळ्यात बोलका वाटतो. तीन तासांहून जास्त वेळ, नेमकं सांगायचं तर १८५ मिनिटं, सायकल चालवून झाल्यावर शेवटी पाच मिनिटं जीव तोडून पॅडल मारायचं. ज्यांनी बारा आठवडे जड वजनं उचलली होती, त्यांची या पाच मिनिटांतली शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढली. ज्यांनी नुसती सायकल चालवली, त्यांच्यात फरक पडला नाही. ट्रायथलॉनमध्ये ताकदीची खरी परीक्षा अशाच वेळी होते, जेव्हा पाय आधीच दमलेले असतात आणि सायकलवरून उतरून धावायला सुरुवात करायची असते.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत. एल्वुड हेनेमन यांनी दाखवून दिलेल्या क्रमानं आधी लहान, चिवट तंतू जागे होतात, आणि जोर वाढत गेला की मग मोठे, ताकदवान पण लवकर थकणारे तंतू मदतीला येतात. पायाची कमाल ताकदच कमी असेल तर साध्या चढावरही मोठे तंतू कामाला लावावे लागतात. ताकद वाढली की तोच चढ लहान तंतूंच्या आवाक्यात येतो आणि मोठे तंतू शेवटच्या तासासाठी शिल्लक राहतात.

यातूनच मला जिममध्ये मिळणाऱ्या एका सल्ल्याशी वाद घालावासा वाटतो. ट्रायथलॉनची तयारी करतोय म्हटलं की तिथला प्रशिक्षक हमखास सांगतो, ‘तुम्ही हलकं वजन घ्या आणि वीस-पंचवीस वेळा करा, तुम्हाला स्टॅमिना हवाय.’ ऐकायला पटतं. पण हलक्या जोराची पुनरावृत्ती हा माणूस रस्त्यावर चोवीस हजार वेळा करतोच आहे. तेच जिममध्ये आणखी शंभर वेळा केल्यानं मोठ्या तंतूंना किंवा हाडांना नवं काही कळत नाही. त्याला जे रस्त्यावर मिळत नाही तेच इथं मिळायला हवं. ते म्हणजे जड वजन, पाच-सहाच वेळा, मध्ये दोन-तीन मिनिटांची पुरेशी विश्रांती.

आपल्याकडे ताकदीची परंपरा मोठी आहे, म्हणून हा मुद्दा जरा खोलात जाऊन सांगतो. कोल्हापूरच्या तालमीत जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब यांतून घडलेलं शरीर आरशासाठी नव्हतं, आखाड्यासाठी होतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हे शिक्षण देत आलं आहे. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव याच मातीतले. ताकद कशासाठी कमवायची याचं उत्तर तालमीकडे होतं, आणि आज ट्रायथलॉनपटूनं घ्यायचं ते हेच. पण तालमीचा व्यायाम जसाच्या तसा उचलणं मला पटत नाही. शे-दोनशे बैठका मारल्यानं मांडीचा चिवटपणा वाढतो, जो सायकलनं वाढतोच आहे. शिवाय टाचा उचलून वेगानं मारलेल्या बैठका आधीच कुरकुरणाऱ्या गुडघ्याला जड जातात. जोर मात्र ठेवावेत. छाती, खांदे आणि कणा यांना एकत्र बांधणारा इतका चांगला व्यायाम विनाखर्च दुसरा नाही.

वजनं उचलली की अंग भरेल, वजन वाढेल आणि धावणं मंदावेल, ही भीती मी वारंवार ऐकतो. तिचं उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. रॉबर्ट हिक्सन हे संशोधक स्वतः वजनं उचलणारे होते. आपल्या वरिष्ठांबरोबर नियमित धावू लागल्यावर ताकद घटतेय, असं त्यांच्या लक्षात आलं. १९८० मध्ये त्यांनी दहा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. एक गट फक्त ताकदीचा, एक फक्त दमसासाचा, तिसरा दोन्ही करणारा. तिसऱ्या गटाची ताकद सुरुवातीला वाढली, पण सातव्या-आठव्या आठवड्यानंतर थांबली आणि मग उतरू लागली. तेव्हापासून दोन्ही व्यायाम एकमेकांना मारक, असं सरसकट म्हटलं जातं. पण त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग फारसा कुणी सांगत नाही. तिसऱ्या गटाचा दमसास फक्त दमसासाच्या गटाइतकाच वाढला होता. मार बसतो तो ताकदीला, दमाला नाही. शरीरसौष्ठव स्पर्धेला उतरणाऱ्यानं याची काळजी करावी. आठवड्याला सहा-सात तास पोहणाऱ्या, पळणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या माणसाचं अंग दोन दिवसांच्या वजनांनी भरून येईल, ही भीती अनाठायी आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद तर बहुतांशी मज्जासंस्थेची असते. स्नायू तेवढाच राहतो, मेंदू त्याला जास्त चांगला हुकूम द्यायला शिकतो.

दुखापतीबद्दलचा पुरावा तर आणखी भक्कम आहे. डेन्मार्कच्या लाउरसेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पंचवीस चाचण्यांचा, सव्वीस हजारांहून जास्त लोकांचा एकत्रित आढावा घेतला. नुसत्या स्ट्रेचिंगनं दुखापती कमी झाल्याचं दिसलं नाही. ताकदीच्या व्यायामानं त्या एक तृतीयांशाच्याही खाली आल्या आणि अतिवापरानं होणाऱ्या दुखापती जवळजवळ निम्म्या झाल्या. धावण्याआधी रस्त्याकडेला पाय ताणत उभ्या राहणाऱ्या आपल्या गटांनी यावर थांबून विचार करायला हवा. स्वीडनचे हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये टाचेमागच्या शिरेच्या जुनाट दुखण्यावर बारा आठवडे रोज पायरीवर टाच सावकाश खाली सोडण्याचा, तोही वाढत्या वजनानं करण्याचा उपाय दिला. शस्त्रक्रियेच्या वाटेवर असलेले त्यांचे रुग्ण पुन्हा धावू लागले. विश्रांतीनं न सुटलेला प्रश्न भार देऊन सुटला. मग तोच भार दुखण्याआधी का देऊ नये?

पाण्यात मात्र हा युक्तिवाद लंगडा पडतो, हे मान्य करायला हवं. नवशिक्या पोहणाऱ्याचा वेळ ताकदीअभावी जात नाही. पाय खाली बुडतात, मान वर येते, श्वास चुकतो, म्हणून तो जातो. तिथं खांदे बळकट करून वेग वाढणार नाही. चांगला शिक्षक आणि पाण्यातले तास यांना पर्याय नाही. ताकद तिथं एवढंच करते, की हजारभर हात मारल्यावर खांदा दुखत नाही. त्यासाठी ढकलण्याइतकंच ओढण्याचं काम हवं, कारण खुर्चीत बसून आधीच पुढे झुकलेले खांदे पोहण्यानं आणखी पुढे येतात. वर सांगितलेले प्रयोग बहुतेक सरावलेल्या खेळाडूंवरचे आणि छोट्या गटांवरचे आहेत, हाही आक्षेप खरा. पण ज्याची ताकद आधीच बऱ्यापैकी आहे त्याला फायदा होत असेल, तर ज्यानं आयुष्यात कधी बारबेलला हात लावला नाही त्याला तो कमी होईल, असं मानायला मला कारण दिसत नाही.

केनियाचे धावपटू कुठे वजनं उचलतात, असंही विचारलं जातं. लहानपणापासून डोंगराळ भागात अनवाणी चालत-धावत वाढलेल्या तरुणाच्या पायांना जे विशीपर्यंत मिळालं, ते लिफ्टनं वर जाणाऱ्या आपल्या पायांना मिळालेलं नाही. आपण ते उशिरा आणि मुद्दाम कमवायचं आहे.

वयाचा मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. तिशीनंतर स्नायू घटायला लागतात आणि साठीनंतर ती घट वेग घेते. सायकल आणि पोहणं हृदयासाठी उत्तम, पण दोन्हींत हाडांवर शरीराचा भार पडत नाही. म्हणून नुसती सायकल चालवणाऱ्यांची हाडं धावणाऱ्यांपेक्षा विरळ असू शकतात. पाळी थांबण्याच्या उंबरठ्यावरच्या बाईसाठी तर हा प्रश्न स्पर्धेहून मोठा आहे. आपल्याकडे घराबाहेर पडून व्यायाम करणाऱ्या बायका आधीच कमी. त्यांतली एखादी सायकल आणि पोहण्यापर्यंत पोचली, तरी जिमच्या वजनांच्या कोपऱ्यात पुरुषांच्या नजरांमध्ये उभं राहणं तिला नको वाटतं आणि ती ट्रेडमिलवर परत जाते. क्लबांनी ठरवून तिच्यासाठी ती जागा मोकळी करायला हवी. १९९० मध्ये बॉस्टनला मारिया फियातारोन यांनी नव्वदीच्या घरातल्या दहा वृद्धांना आठ आठवडे जड वजनं उचलायला लावली. त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होत असेल, तर पंचेचाळिशीत उशीर झाला, असं कुणी म्हणू नये.

प्रत्यक्षात काय करायचं, ते फार गुंतागुंतीचं नाही. आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास. बसून उठणं म्हणजे स्क्वॉट, कमरेतून वाकून उचलणं म्हणजे डेडलिफ्ट, एका पायानं पायरी चढणं, जोर, दंडानं ओढणं आणि पोटरीसाठी टाच उचलणं, तीही एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून. पहिले पाच-सहा आठवडे हलक्या वजनावर फक्त हालचाल शिकावी, जमल्यास जाणत्या माणसाच्या नजरेखाली. मग वजन वाढवत न्यावं, पण अजून दोनदा उचलता आलं असतं, अशा बेतानं थांबावं. लांब सायकलीच्या आदल्या दिवशी पायांची वजनं नकोत. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं आणि वजन उचलताना श्वास कोंडू नये. स्पर्धेचा हंगाम जवळ आला की आठवड्यातून एकदाच पुरे. रोनेस्टाड यांच्याच दुसऱ्या प्रयोगात कमावलेली ताकद तेवढ्यावर तेरा आठवडे टिकली होती. ताटात डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे यांचं प्रमाण वाढवावं लागेल, कारण आपलं रोजचं जेवण प्रथिनांत सहसा कमी पडतं.

वेळ कुठून आणायचा, हा खरा प्रश्न. नोकरी, घर, मुलं सांभाळून आठवड्याला सहा तास मिळणाऱ्यानं त्यातले दीड तास लोखंडाला दिले, तर किलोमीटर कमी होणारच. ते होऊ द्यावेत. ते होऊ द्यायची तयारी नसेल, तर निवडलेलं अंतर आपल्यासाठी अजून मोठं आहे. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं ही स्प्रिंट ट्रायथलॉनही पूर्ण ट्रायथलॉनच आहे, आणि पहिल्या वर्षी तेवढीच करण्यात कमीपणा नाही. पण आपल्या गटांमध्ये पहिल्याच वर्षी ७०.३ ची नोंदणी करून टाकायची आणि मग शरीराला तिच्या तारखेमागे फरफटत न्यायचं, अशी रीत पडते आहे. प्रशिक्षक आणि क्लब ती बदलू शकतात. नोंदणीची लिंक पाठवण्याआधी त्यांनी नव्या माणसाला एका पायावर उभं करावं आणि टाच वीस-पंचवीस वेळा पूर्ण उचलायला सांगावी, मग दुसऱ्या पायावर. खुर्चीवरून एका पायानं उठायला सांगावं. ज्याला हे जमत नाही, त्याला पुढच्या वर्षीची तारीख द्यावी आणि पुढच्या सोमवारी जिममध्ये यायची वेळ.